प्रवासाचे तास कोण मोजणार?
मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे लोकल थांबली आणि मीरा-भाईंदरच्या वन-बीएचकेत ऑफिस आलं: ओट्याशेजारी लॅपटॉप, कुकरच्या शिट्ट्यांत मीटिंग. अडचण झाली खरी. पण चर्चगेटच्या धक्काबुक्कीत जाणारे तास घरच्यांच्या वाट्याला आले. आता कंपन्या पुन्हा ऑफिसात बोलावताहेत. त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने खासगी आस्थापनांतली कामाची दैनंदिन मर्यादा ९ तासांवरून १० करायला मंजुरी दिली. लोकलच्या दारात लटकणाऱ्याचा दिवस या वाढीव तासाने किती लांबेल, याचा हिशेब कोण करणार? साहेबांनी काम चोख झालं का ते पाहावं, खुर्ची भरली का ते नव्हे. आणि घरात जागा नसलेल्यांसाठी महापालिकेने वॉर्डावॉर्डांत अभ्यासिकांसारख्या शांत खोल्या उघडाव्यात.