‘वाया जाणारे’ पाणी कोणाचे? कोलोराडो नदीच्या पाणथळींची शंभर वर्षे (थ्रेड)

१/ १९२२ साली आल्डो लिओपोल्ड हा अमेरिकी निसर्गाभ्यासक भावासह होडीतून मेक्सिकोत, कोलोराडो नदीच्या त्रिभुज प्रदेशात हिंडला. चहूकडे वाळवंट आणि मधोमध पाणपक्ष्यांनी गजबजलेली हिरवी तळी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील सात राज्यांच्या प्रतिनिधींनी सांता फे येथे याच नदीचे पाणी वाटून घेतले.

२/ करारानुसार वरच्या व खालच्या खोऱ्याला दरवर्षी प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट पाणी मिळाले. (एक एकर जमिनीवर फूटभर उभे राहणारे पाणी म्हणजे एक एकर-फूट, सुमारे १२.३ लाख लिटर.) मेक्सिकोला १९४४ च्या तहाने १५ लाख मिळाले. पाणथळींच्या वाट्याचा उल्लेख दोन्ही कागदांत नव्हता.

३/ शिवाय हिशेबाचा पायाच कच्चा होता. विसाव्या शतकाच्या आरंभीची ती वर्षे विलक्षण ओली होती, हे वृक्षवलयांच्या अभ्यासाने पुढे दाखवून दिले. नदीत नव्हते तितके पाणी कागदावर वाटले गेले. मोठी धरणे झाली आणि बहुतेक वर्षी नदी समुद्रापर्यंत पोहोचेनाशी झाली.

४/ आज तिथे उरलेली सर्वांत मोठी पाणथळ, सिएनेगा दे सांता क्लारा, अपघाताने घडली. ॲरिझोनातील शेतांचा खारट निचरा नदीत मिसळून मेक्सिकोतील पिकांचे नुकसान होऊ लागले. तेव्हा १९७७ पासून तो निचरा वेगळ्या चरातून सोनोराच्या वाळवंटात सोडण्यात आला. तिथे पाणकणसाचे रान माजले. यूमा रेल या दुर्मीळ पक्ष्याला आसरा मिळाला.

५/ सरकारी दप्तरात मात्र ते पाणी ‘वाया जाणारे’च राहिले. ते गोडे करून वापरात आणण्यासाठी बांधलेला यूमा येथील प्रकल्प १९९२ मध्ये पूर्ण झाला. तो पूर्णपणे चालला असता, तर पाणथळीकडे थोडेसे अतिखारट पाणीच उरले असते.

६/ २००० नंतर दुष्काळ लांबला आणि २०१०-११ मध्ये प्रकल्पाची चाचणी झाली. त्याआधी एक समझोता झाला : पाणथळीसाठी ३०,००० एकर-फूट पाण्याची तजवीज अमेरिका, मेक्सिको आणि स्वयंसेवी संस्था यांनी समान वाट्याने करावी. पाणथळीचे नाव प्रथमच हिशेबाच्या वहीत चढले.

७/ पुढे २०१२ च्या पुरवणी करारानुसार २०१४ च्या वसंतात मोरेलोस धरणातून सुमारे १३ कोटी घनमीटर पाणी नदीच्या कोरड्या पात्रात सोडले गेले. सान लुईसचे लोक नदी पाहायला पात्रात उतरले. काही काळ तर ती समुद्रालाही भेटली.

८/ शेतकऱ्याची तहान खोटी आहे, असा याचा अर्थ नव्हे. पण ‘बचत’ हा शब्दही निरागस नाही. कॅलिफोर्नियातील ऑल-अमेरिकन कालव्याच्या ३७ किलोमीटर लांबीचे २००९ पर्यंत अस्तरीकरण झाले आणि वर्षाला सुमारे ६७,७०० एकर-फूट पाझर थांबला. त्याच पाझरावर सीमेपलीकडील मेहिकालीच्या विहिरी आणि पाणथळी जगत होत्या. एकाची गळती हा दुसऱ्याचा झरा असतो.

९/ म्हणून ‘माणूस की पक्षी’ हा प्रश्नच चुकीचा आहे. दुष्काळात पाणी तोडले जाते ते ज्याचा हक्क नोंदलेला नाही त्याचे : आधी पाणथळीचे, मग काठच्या कुकापा मासेमारांचे. नोंदलेला वाटा लहान असला तरी तो तोडण्याआधी कोणाला तरी उत्तर द्यावे लागते.

१०/ २०१७ च्या पुरवणी कराराने पर्यावरणासाठी २,१०,००० एकर-फूट पाणी नोंदवले. त्याची मुदत २०२६ अखेरपर्यंतच. १९२२ मध्ये जी ओळ लिहायची राहिली, ती कायमची लिहिली गेली पाहिजे. आणि तीही धरणे तळाला जाण्यापूर्वी. टंचाईच्या ऐन भरात नवा वाटेकरी कोणीच मान्य करत नाही.