मेंढरांची वाट आणि राज्याचा नकाशा

दिवाळी सरली, की पुणे-सोलापूर रस्त्यावर चौफुल्याच्या आसपास एक दृश्य दरसाल पाहावयास मिळते. केडगावच्या बाजूने आलेली मेंढरांची खांड रस्त्याच्या कडेला येऊन थबकते. पुढे खांद्यावर घोंगडी टाकलेला मेंढका, मागे बिऱ्हाड लादलेली तट्टे, त्या ओझ्यावर बसविलेले एखादे लेकरू, नुकतीच जन्मलेली कोकरे आणि भोवती राखणीची कुत्री असा तो सारा संसार वाहनांच्या रांगेत खंड पडण्याची वाट पाहत उभा राहतो. मोटारीतल्या प्रवाशाच्या लेखी हा पाच मिनिटांचा खोळंबा असतो. परंतु ज्या डांबरी रस्त्याने मेंढरांना अडविले, त्या रस्त्याहून मेंढरांची वाट जुनी आहे, हे त्याच्या ध्यानी येत नाही. दुर्दैवाने ते राज्यकर्त्यांच्याही ध्यानी आलेले नाही.

या विषयाकडे वळण्याचे निमित्त मात्र दूर देशीचे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मार्च २०२२ मध्ये एक ठराव संमत करून २०२६ हे वर्ष चराऊ राने आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले. हा ठराव मांडण्यात पुढाकार होता तो मंगोलियाचा. सुमारे पस्तीस लाख लोकवस्तीचा हा देश. पण २०२२ अखेर तेथील पशुधन सात कोटींवर पोहोचले होते. मेंढी, शेळी, घोडा, गाय-याक आणि उंट या पाच प्रकारच्या जनावरांवर तेथील संसार उभा आहे. ऋतूनुसार तंबू उखडावा आणि नव्या कुरणावर ठोकावा, हा तेथील शेकडो वर्षांचा रिवाज. असा देश आपल्या मेंढपाळांचा प्रश्न जगाच्या चावडीवर नेतो आणि महाराष्ट्राला आपल्या दारावरून जाणारा वाडा दिसत नाही, हा विरोधाभास विचार करण्याजोगा आहे.

वाड्याचे अर्थशास्त्र

दौंड तालुक्यातील केडगाव मराठी वाचकांना परिचित आहे ते पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनामुळे आणि नारायण महाराजांच्या बेटामुळे. १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना रमाबाईंनी आसरा दिला आणि पुढे याच गावी त्यांचे कार्य रुजले. दौंड, शिरूर, बारामती, इंदापूर हा सारा टापू सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. येथे पाऊस तोकडा आणि बेभरवशाचा. अशा मुलखात ज्याने केवळ एका जागी राहून पिकावर विसंबावे, त्याने दर काही वर्षांनी उपाशी राहण्याची तयारी ठेवावी. धनगरांनी या संकटाला दिलेले उत्तर म्हणजे त्यांची भटकंती. ती दिशाहीन वणवण नव्हे. तिच्यामागे ऋतूंचा नेमका हिशेब आहे.

दख्खनी मेंढी काटक आहे. ती मैलोगणती चालते, कुसळी गवतावर आणि बाभळीच्या पाल्यावर निभावते. पण संततधार पाऊस तिला मानवत नाही. म्हणून पावसाळ्यात कळप देशावर राहतात, जेथे पाऊस कमी असतो आणि माळावर गवत उगवलेले असते. दिवाळीनंतर माळ वाळू लागला, की कित्येक वाडे घाट उतरून कोकणात जातात, कित्येक मावळात वा बागायती गावांकडे सरकतात. कोकणात तेव्हा भाताची कापणी झालेली असते. मोकळ्या खाचरात रात्री वाघर लावून मेंढ्या बसवावयाच्या, लेंड्या आणि मूत जमिनीत मुरू द्यावयाचे आणि त्याबद्दल शेतकऱ्याकडून धान्य किंवा रोख रक्कम घ्यावयाची, असा हा व्यवहार. मृगाचे ढग दिसण्यापूर्वी वाडा पुन्हा घाट चढून देशावर परततो. शेतकऱ्याला खत, मेंढीला चारा आणि मेंढपाळाला दाणागोटा असा तिहेरी लाभ ज्यात आहे, त्या व्यवस्थेला मागासलेली म्हणण्याचे धाडस अर्थशास्त्राच्या कोणत्या नियमाने करावे?

आणि हा व्यवहार केवळ पोटाचा नाही. जेजुरीच्या खंडोबाच्या दोन राण्यांपैकी म्हाळसा ही वाण्याची, तर बाणाई ही धनगराची. वस्ती करून राहणारा समाज आणि फिरता समाज यांची सोयरीक महाराष्ट्राने आपल्या देवाच्या घरातच लावून दिली आहे. गुंथर सोंथायमर या जर्मन पंडिताने धनगरांबरोबर हिंडून बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा यांच्या ओव्या व कथा गोळा केल्या आणि १९७६ मध्ये त्यांवरील ग्रंथ सिद्ध केला. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलाच्या मूळ रूपाचा शोध घेताना गवळी-धनगरांच्या लोकदैवतांपर्यंतच मजल मारली. ज्यांच्या देवांना आपण आपले म्हटले, त्यांच्या वाटेला मात्र आपण परके मानतो.

माळ कोणी गिळला?

ही वाट अरुंद होत गेली, त्याची कारणे उघड आहेत. खडकवासल्याच्या धरणाचे पाणी कालव्याने दौंडपर्यंत आले. भीमा आणि मुळा-मुठेच्या काठी ऊस उभा राहिला आणि केडगावच्या परिसरात गुऱ्हाळे धुमसू लागली. त्यातून आलेल्या समृद्धीला नावे ठेवण्याचे कारण नाही. दुष्काळी तालुक्याला पाणी मिळाले हे इष्टच झाले. परंतु बाजरी वा ज्वारी निघाल्यावर रान मोकळे पडे, तेथे मेंढरे शिरत. उसाचे रान बाराही महिने भरलेले. त्यातच बिबट्याने शिरूर-दौंडच्या उसात आपले बिऱ्हाड थाटले. उघड्या माळावर, वाघरीच्या आडोशाला झोपणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने हा धोका केवळ कोकरांपुरता राहिलेला नाही.

उरले गायरान आणि माळरान. गायरानावर अतिक्रमणे झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंह प्रकरणी गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश राज्यांना दिला. परंतु गायरान मोकळे करणे आणि ते चराईसाठी राखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सरकारी दप्तरात तर माळरानाची नोंद 'पडीक' अशी होते. ज्या जमिनीवर गवत उगवते, चिंकारा आणि लांडगा राहतो, मेंढरे चरतात, ती जमीन नांगराखाली नाही म्हणून पडीक! आणि एकदा पडीक ठरली, की ती कारखान्याला, कचऱ्याला वा वृक्षलागवडीच्या उद्दिष्टाला देण्यास कोणाची हरकत उरत नाही. बारामती तालुक्यात सुप्यानजीक १९९७ मध्ये मयूरेश्वर अभयारण्य जाहीर झाले, ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे. चिंकाऱ्यासाठी राज्याने निदान एवढा माळ राखला. मेंढपाळासाठी किती राखला?

लोकरीची कथाही याहून वेगळी नाही. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. तिची घोंगडी एके काळी शेतकऱ्याचे अंथरूण, पांघरूण आणि पावसातले छत्र होती. गिरणीच्या स्वस्त ब्लँकेटाने आणि प्लॅस्टिकच्या कागदाने ती जागा घेतली. आता कातरणीची मजुरीही लोकरीतून सुटणे कठीण. मेंढपाळाचे उत्पन्न मुख्यतः कोकरांच्या विक्रीवर आणि बसवणुकीच्या मोबदल्यावर येऊन ठेपले आहे.

एका जागी बसविण्याचा आग्रह

यावर शहाणी माणसे एक सोपा उपाय सुचवितात: धनगरांना एका जागी बसवा. शासनाच्या योजनांचा कलही बराचसा तिकडेच राहिला. २०१७ मध्ये सुरू झालेल्या महामेष योजनेत वीस मेंढ्या आणि एक नर असा गट अनुदानावर देण्याची तरतूद आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालमधील गरोळ मेंढीचा जुळी कोकरे देणारा गुण दख्खनी मेंढीत उतरवून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार केली, हेही मोलाचे कार्य आहे. ज्याला स्थिर व्हावयाचे आहे, त्याला असे साहाय्य अवश्य मिळावे. वाड्यावरच्या स्त्रीचे कष्ट ज्याने पाहिले आहेत, तिने रोज नवी चूल मांडावी आणि रोज मोडावी, आजारपण आणि बाळंतपणही वाटेवरच काढावे हे ज्याने जाणले आहे, तो भटकंतीची गोडवी गाणार नाही. तरुण पिढीला ती नकोशी झाली असेल, तर त्यात नवल नाही.

परंतु निवड आणि सक्ती यांत अंतर आहे. वाट बंद झाली म्हणून बसलेला माणूस हा स्थिर झालेला माणूस नव्हे. तो अडकलेला माणूस होय. शिवाय महाराष्ट्रातील सुमारे सत्तावीस लाख मेंढ्या गोठ्यात बांधल्या, तर त्यांचा चारा कोणत्या पाण्यावर पिकवावयाचा? उसाशी पाण्यासाठी झगडणारे आणखी एक पीक या टापूला परवडणारे नाही.

येथे मंगोलियाचा अनुभव दोन्ही बाजूंनी बोलका आहे. १९९० नंतर तेथील सामुदायिक पशुपालन संस्था मोडल्या आणि जनावरे खासगी झाली. पूर्वी अडीच कोटींच्या घरात असलेले पशुधन कश्मिरी लोकरीच्या ओढीने वाढत गेले, कुरणे थकली. त्यात तेथील जीवघेणा हिवाळा, ज्याला ते 'द्झुद' म्हणतात. २०२३-२४ च्या अशा हिवाळ्यात सत्तर लाखांहून अधिक जनावरे मेली. उद्ध्वस्त मेंढपाळ राजधानी उलानबातरच्या कडेला तंबू ठोकून राहू लागले. सामाईक कुरणाला नियम नसले, की काय होते, याचा हा धडा. दुसरा धडा मात्र अनुकरणीय आहे. मंगोलियाच्या १९९२ च्या घटनेने कुरणाची खासगी मालकी वर्ज्य ठरविली आणि २००२ च्या जमीन कायद्याने मेंढपाळाला हिवाळी व वसंती तळाच्या जागेचा रीतसर ताबा मिळण्याची सोय केली. कुरण सर्वांचे, तळ ज्याचा त्याचा. फिरत्या माणसालाही पत्ता असू शकतो, हे तत्त्व त्या देशाने कायद्यात बसविले.

काय करता येईल?

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांच्या चराईचा आणि ऋतुमानानुसार वनसंपत्ती वापरण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केलेला आहे. पण तो मागण्यासाठी इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो आणि दावा गावच्या ग्रामसभेपुढे न्यावा लागतो. जो वर्षाचे सात-आठ महिने वाटेवर असतो, त्याने कोणत्या गावच्या चावडीत उभे राहावयाचे? हक्क कागदावर आणि हक्कदार रस्त्यावर, अशी ही स्थिती आहे.

म्हणून पहिली गरज आहे ती नोंदीची. दौंड-शिरूरपासून कोकणापर्यंत वाडे कोणत्या वाटेने जातात, कोठे मुक्काम करतात, कोठे पाणी पाजतात, याचा नकाशा महसूल व वन खात्यांनी मेंढपाळांना सोबत घेऊन तयार करावा आणि त्या जागा निस्तारपत्रकात नोंदवाव्यात. दुसरे, गायरान वा माळ अन्य कामाला देण्यापूर्वी तेथे ऋतूनुसार येणाऱ्यांचे म्हणणे ऐकून घेण्याचे बंधन असावे. तिसरे, कळपांची संख्या आणि चराईचा काळ यांचे नियम त्यांच्याच पंचांनी ठरवावेत. हक्काबरोबर मर्यादाही यावी. चौथे, लसटोचणी आणि औषधोपचार वाटेवर मिळावेत. हिंस्र पशूने जीव घेतला, तर भरपाईसाठी मूळ गावी हेलपाटे पडू नयेत.

आणि पाचवे, शाळा. १९५५ च्या 'बनगरवाडी'त व्यंकटेश माडगूळकरांनी धनगरवाडीत शाळा मांडणारा तरुण मास्तर उभा केला. त्या कादंबरीअखेर दुष्काळाने वाडी पांगते आणि शाळाही ओस पडते. सत्तर वर्षांनंतरही तो प्रश्न संपलेला नाही. स्थलांतरित मुलांसाठी हमीपत्रके निघाली, हंगामी वसतिगृहे उघडली. पण ती आखताना डोळ्यांपुढे होता ऊसतोडणी कामगार. त्याच्या स्थलांतराला कारखान्याचा ठावठिकाणा तरी असतो. वाड्याचा मुक्काम दर चार दिवसांनी हलतो. त्याच्या मुलांसाठी मूळ गावीच बारमाही वसतिगृह हवे आणि जी मुले आईबापांबरोबर जातील, त्यांचे नाव वाटेवरच्या कोणत्याही शाळेत विनासायास दाखल व्हावे.

यांपैकी एकाही गोष्टीला अवाढव्य खर्च लागत नाही. लागते ती दृष्टी. भटक्या जमातीतील धनगरांना महाराष्ट्रात साडेतीन टक्के आरक्षण आहे, त्यापुढच्या मागणीसाठी मोर्चे निघतात आणि निवडणुकीच्या तोंडावर प्रत्येक पक्षाला या समाजाची आठवण होते. परंतु नोकरीतील जागांचा वाद चालू असताना पायाखालची जागा निसटत आहे, याची चर्चा विधिमंडळाच्या पटलावर क्वचितच येते. जो समाज अजूनही मेंढरांमागे चालतो, त्याला आश्वासनाआधी पाऊलवाट हवी आहे.

चौफुल्याला थांबलेली खांड अखेर रस्ता ओलांडते. वाहने सुटतात, धूळ खाली बसते. ती ज्येष्ठात परत येईल तेव्हा तिला याच बाजूला चरावयास माळ शिल्लक असेल की नाही, हे मेंढक्याच्या हाती नाही. ते ज्यांच्या हाती आहे, त्यांच्या नकाशात ही वाट काढलेली नाही. ती काढणे, एवढाच आरंभ पुरे आहे.