दवाखान्याची लॉबी कोण करणार?

साखरेची लॉबी आहे, दारूची आहे, बिल्डरांची तर आहेच. अधिवेशन लागले की त्यांची माणसे मंत्र्यांच्या दालनाबाहेर कागद घेऊन हजर असतात. त्यात गैर काही नाही. आपले म्हणणे राज्यकर्त्यांच्या कानावर घालण्याचा हक्क लोकशाहीत सर्वांनाच आहे. पण कुलूप लागलेल्या उपकेंद्राची, डॉक्टरची जागा रिकामी असलेल्या आरोग्य केंद्राची आणि घरातल्या आजारपणापायी जमीन गहाण टाकणाऱ्या अल्पभूधारकाची लॉबी कोण करतो? कोणीच नाही. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, मग सरकार कसे ऐकणार?

गरिबांच्या रेट्याने कायदा होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी रोजगार हमीचा इतिहास आठवावा. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात लाखो हात खडी फोडायला कामावर आले, मजुरांचे मोर्चे निघाले आणि १९७७ मध्ये विधिमंडळाने कामाचा हक्क देणारा कायदा केला. पुढे २००५ साली सबंध देशासाठी तसा कायदा झाला. मागणी गावातून वर गेली, ती अशी.

आरोग्याच्या बाबतीतही वाट मळलेली आहे. २००७ साली पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि तेव्हाचा उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचे काम सुरू झाले. गावकऱ्यांनीच दवाखान्याचे प्रगतिपुस्तक भरायचे, सेवा चांगली, बरी की वाईट ते लिहायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचे. बाहेरची औषधे लिहून देणे, पैसे मागणे, कर्मचारी मुक्कामी नसणे, हे सगळे तिथे उघडपणे बोलले गेले. भांडण न करता जाब विचारता येतो, हे लोकांना कळले.

हे काम करायला पुढारी लागत नाही. गावातली पाच-सहा माणसे पुरेत. त्यात दोन-तीन बाया हव्यातच, कारण दवाखान्याची खरी गरज त्यांना माहीत असते. पहिले काम नोंदीचे. एक महिना वहीत लिहा: डॉक्टर किती दिवस होते, कोणते औषध नव्हते, किती पेशंट परत गेले. सपाट भागात ३० हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर ५ हजार आणि ३ हजारांमागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. आपल्याकडे काय आहे ते शेजारी लिहा. मंजूर आणि भरलेल्या पदांची यादी मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

दुसरे काम, दार बरोबर ठोठावणे. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे, म्हणून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जा. ग्रामीण रुग्णालयाचा कारभार जिल्हा शल्यचिकित्सकांकडे असतो. निवेदन एका पानाचे, मागणी एकच. दहा मागण्या लिहिल्या की साहेबाला अकरावे कारण सापडते. आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. कोणत्याही कर्मचाऱ्याने फाईल सात कामकाजी दिवसांपेक्षा जास्त अडवू नये, असे २००५ चा दप्तर दिरंगाई कायदा सांगतो. 'साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या' म्हणणाऱ्याला त्याची नम्रपणे आठवण करून द्या.

तिसरे काम आमदारांकडे. मोर्चा संध्याकाळी घरी परततो, तारांकित प्रश्न मात्र सभागृहाच्या कामकाजात राहतो आणि मंत्र्यांना उत्तर द्यावे लागते. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाची वाट पाहत बसू नका. प्रश्नाची मुदत आधीच संपते, म्हणून महिना-दोन महिने अगोदर आकडे हातात द्या. राज्यांनी आपल्या अंदाजपत्रकाच्या आठ टक्क्यांहून जास्त रक्कम आरोग्यावर खर्चावी, हे उद्दिष्ट २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२० सालासाठी ठेवले होते. महाराष्ट्राने ते गाठले नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याने आपल्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार निःशुल्क केले, ही स्वागताची गोष्ट. पण खुर्चीत डॉक्टरच नसेल तर फुकट उपचार घ्यायचे कोणाकडून?

सरपंच आणि ज्यांना गाव अजून भाऊसाहेबच म्हणते त्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आमचे सांगणे आहे की, असे निवेदन आले तर ते आपल्याविरुद्ध आहे असे समजू नका. चांगला वैद्यकीय अधिकारी स्वतःच परिचारिका आणि औषधे मागून थकलेला असतो. गावाचा ठराव जोडला तर त्याच्याही पत्राला वजन येते. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. त्यातली एक तरी कोरम पुरा करून दवाखान्यावर खर्ची घाला आणि त्याआधीच्या महिलासभेत हा विषय मुद्दाम घ्या.

या कामाला मानधन नाही, हार नाही, फोटोही नाही. वर्षभर चपला झिजतील. पण एका रिकाम्या जागेवर डॉक्टर रुजू झाला तर पंचक्रोशीतल्या कितीतरी घरांचा सावकाराचा उंबरठा चुकेल. पेरणीनंतर कोळपणी करावीच लागते. नुसते निवेदन देऊन घरी बसणाऱ्याच्या हाती तण तेवढे लागते.