क्रांतीच्या वहीतील एक तारीख

१७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीचे गोडवे आपण गातो. पण १४ जून १७९१ ही तारीख आपल्या अभ्यासवर्गांत क्वचितच येते. त्या वसंतात पॅरिसचे सुतार मजुरीवाढीसाठी एकवटले होते. राष्ट्रसभेने ल शापलिये यांचा कायदा संमत करून अशा संघटनेवरच बंदी घातली. युक्तिवाद प्रबोधनाच्याच भाषेतला : व्यक्तीचे हित आणि राष्ट्राचे हित, यांच्यामध्ये तिसरे काही नको! मालकांच्या संगनमतालाही कायद्यात मनाई होती खरी. पण चार मालकांचे एकमत व्हायला सभा कशाला भरवावी लागते? लोकपक्षाचा रोबेस्पिएरही सभागृहात मूकच राहिला. सरंजामशाही मोडल्याचे या क्रांतीचे ऋण आपण नाकारत नाही. मात्र एकट्या सुताराला मालकापुढे उभे करून त्याला करारस्वातंत्र्य म्हणणे ही तिचीच देणगी, आणि कंत्राटी कामगाराला ती आजही ऐकवली जाते. फ्रान्समध्ये संपाला मोकळीक मिळाली १८६४ साली. कामगार संघ कायदेशीर ठरले १८८४ मध्ये, म्हणजे तब्बल ९३ वर्षांनी.