काढलेला कामगार आणि 'नोकरी सोडली'चा रकाना

आपल्या औद्योगिक वसाहतींतून माणसाला कामावरून कमी करण्याची रीत आता सर्वांच्या परिचयाची झाली आहे. महिनाअखेरीस ठेकेदाराचा मुकादम सांगतो, उद्यापासून येऊ नको. गेटपास काढून घेतला जातो. हिशेब हवा असेल तर ह्या कागदावर सही कर, असे म्हणून एक छापील कागद पुढे सरकवला जातो; तो राजीनामा असतो. जो सही करीत नाही त्याच्या नावे बिनपरवानगी गैरहजेरी लागते. पुढे कामगार विम्याच्या वर्गणीचा मासिक तक्ता भरताना कचेरीतला कारकून त्या नावापुढे शून्य दिवस लिहितो आणि कारणाच्या रकान्यात 'नोकरी सोडली' हा पर्याय निवडतो. 'कपात' हा पर्यायही त्याच यादीत असतो. परंतु तो निवडला तर नोटीस, नुकसानभरपाई आणि कदाचित कामगार न्यायालय अंगावर येते. म्हणून तो सहसा निवडला जात नाही. ज्याला हाकलून दिले तो अशा रीतीने दप्तरी स्वखुशीने निघून गेलेला गृहस्थ ठरतो.

हुडकेश्वरात राहून बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या वसाहतीत पाळीवर जाणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ह्यात नवे काही वाटणार नाही. एकेकाळी नागपूरबाहेरचे खेडे असलेली ही वस्ती आज लेआऊटच्या पाट्यांनी आणि हप्त्यावर घेतलेल्या भूखंडांनी भरून गेली आहे. येथे घराला शेती नाही, माघारी जायला गाव उरलेले नाही आणि दर महिन्याच्या ठरल्या तारखेला हप्ता किंवा भाडे द्यावेच लागते. अशा ठिकाणी नोकरी जाणे म्हणजे दुसऱ्याच महिन्यात किराणा दुकानाच्या वहीत उधारी चढणे होय. मग कोणीतरी सांगतो की ईएसआयमधून बेकारीचे पैसे मिळतात. मिळतात हे खरे आहे. पण कोणाला, किती आणि किती वेळा, ह्याचा हिशेब एकदा मांडलाच पाहिजे.

हा हिशेब आपल्या कामगार संघटनांनीही पुरेसा मांडलेला नाही. बोनस, महागाई भत्ता, वेतनकरार ह्यांवर आपण आयुष्य घालवले; ज्याच्या हातून कामच गेले त्याचा प्रश्न मात्र फाटकाबाहेरचा म्हणून फाटकाबाहेरच राहिला.

कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या दोन योजना सांगितल्या जातात. पहिली राजीव गांधींच्या नावाने १ एप्रिल २००५ पासून सुरू झाली. तिच्यात कारखाना बंद पडल्याने किंवा रीतसर कपात झाल्याने बेकार झालेल्या, अथवा कामाबाहेरच्या दुखापतीने कायमचे अपंगत्व आलेल्या विमाधारकाला भत्ता ठेवला होता. दुसरी अटलबिहारी वाजपेयींच्या नावाने १ जुलै २०१८ पासून आली. नावे दोन पक्षांची, परंतु वृत्ती एकच! दुसरी योजना दोन वर्षांच्या प्रयोगासाठी म्हणून जाहीर झाली आणि त्यानंतर मुदतवाढीवर मुदतवाढ घेत चालत आली. बेकारी हा आपल्या राज्यकर्त्यांना अजून प्रयोगाचा विषय वाटतो.

ह्या दुसऱ्या योजनेने आरंभी काय दिले? सरासरी रोजच्या वेतनाचा चौथा हिस्सा, जास्तीत जास्त नव्वद दिवस, आणि तेही साऱ्या आयुष्यात एकदा. नव्वद दिवस बेकार राहिल्याखेरीज मागणी करता येत नव्हती, आणि मागणीचा अर्ज ज्याने काढून टाकले त्याच मालकाच्या हातून पुढे जायचा होता! २०२० साली टाळेबंदीत कोट्यवधींचा रोजगार गेला तेव्हा शासनाला थोडी लाज वाटली. दर निम्म्यावर आला, थांबण्याची मुदत तीस दिवस झाली आणि अर्ज थेट महामंडळाच्या शाखेत देण्याची मुभा मिळाली. एवढी सुधारणा व्हायला महामारी यावी लागली, हे नोंदवून ठेवावे.

आता आकडे पाहू. सोळा हजार रुपये महिना मिळवणारा कामगार घ्या. १ जुलै २०१९ पासूनच्या दराने त्याच्या पगारातून पाऊण टक्का, म्हणजे १२० रुपये कापले जातात. मालकाने सव्वातीन टक्के, म्हणजे ५२० रुपये भरावयाचे. मालकाचा हिस्साही कामगाराच्या श्रमाच्याच मोलातून येतो हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगावे लागू नये. महिन्याला ६४०, वर्षाला ७,६८०, दहा वर्षांत ७६,८०० रुपये. ह्या पैशातून औषधोपचार, आजारपणाचा भत्ता, बाळंतपण, अपघात अशा अनेक गोष्टी भागवल्या जातात, हे मान्यच केले पाहिजे. परंतु काम गेल्यावर ह्याच माणसाला मूळ दराने तीन महिन्यांचे मिळून १२,००० आणि सुधारलेल्या दराने २४,००० रुपये मिळणार. आणि पाच वर्षांनी पुन्हा काम गेले तर काहीच मिळणार नाही. त्यातून ज्याचा पगार एकवीस हजारांच्या वर गेला तो विम्याच्या बाहेरच पडला. ही मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून लागू झाली; त्यानंतर डाळ, भाडे आणि शाळेची फी कोठे जाऊन पोहोचली हे वाचकांस ठाऊक आहे.

ह्याच्या शेजारी इंग्लंडचा १९११ चा राष्ट्रीय विमा कायदा ठेवून पाहावा. तो काही समाजवाद्यांनी केलेला नव्हता. लॉइड जॉर्ज आणि चर्चिल ह्यांच्यासारख्या भांडवली व्यवस्थेच्या रक्षकांनी, ती टिकावी म्हणून केलेला होता. जहाजबांधणी, यंत्रकाम, इमारतकाम अशा मोजक्याच धंद्यांना तो लागू होता. त्याने बेकार कामगाराला आठवड्याला सात शिलिंग, वर्षातून पंधरा आठवड्यांपर्यंत दिले. वर्षातून पंधरा आठवडे! आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५२ च्या १०२ व्या करारात सामाजिक सुरक्षेचे किमान मान ठरले. त्यात बेकारीसाठी बारा महिन्यांत तेरा आठवडे आणि वेतनाच्या ४५ टक्के भत्ता धरला आहे. भारताने त्या करारास मान्यता दिलेली नाही. नव्वद दिवस म्हणजेही जवळजवळ तेराच आठवडे. मात्र आमच्या योजनेत ते साऱ्या जन्माचे तेरा आठवडे आहेत.

तरीही माझा मुख्य आक्षेप रकमेवर नाही. रक्कम आंदोलनाने वाढते, महागाईने पुन्हा घटते. आक्षेप आहे तो पात्रतेच्या अटीवर. शिस्तभंगाच्या कारवाईत ज्याला काढले त्याला ह्या योजनांत मदत नाही. स्वतःहून काम सोडले त्यालाही नाही. आणि काढले, सोडले की सोडायला लावले, ह्याची पहिली नोंद करण्याचा अधिकार मालकाला. ज्या दोन पक्षांत वाद आहे त्यांतील एकाच्या लेखणीला पुरावा मानायचे आणि दुसऱ्याने तो खोडून काढण्यासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवायचे, ही कोणती न्यायबुद्धी? ज्याच्या घरात पुढच्या आठवड्याचे पीठ नाही, त्याने प्रथम आपले निर्दोषत्व सिद्ध करावयाचे!

१९११ च्या त्या इंग्रजी कायद्यातही गैरवर्तनाची अट होती. गैरवर्तनामुळे काम गेले किंवा योग्य कारणाविना सोडले तर सहा आठवडे भत्ता नाही, असे त्यात म्हटले होते. सहा आठवडे. सातव्या आठवड्यात तोही मनुष्य खातो, त्याचीही मुले खातात, एवढे त्या कायद्याने ओळखले होते. आणि निर्णय मालकाच्या शब्दावर सोडलेला नव्हता. विमा अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध पंचांच्या न्यायमंडळाकडे दाद मागता येई, त्यात कामगारांच्या बाजूचा प्रतिनिधी बसत असे. शंभराहून अधिक वर्षे लोटली, आणि आपण त्या जागीही पोहोचलेलो नाही.

कोणी म्हणेल, मालक खोटे लिहितो असे तुम्ही गृहीतच धरता. मी धरत नाही. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने धरले होते. १९७१ साली अनुचित श्रमप्रथा रोखण्यासाठी ह्या राज्याने कायदा केला. त्याच्या परिशिष्टात मालकांच्या अनुचित प्रथांची यादी दिली आहे. सूडबुद्धीने कामावरून काढणे, धडधडीत खोट्या कारणांवरून काढणे, बिनपरवानगी गैरहजेरीचा बनावट आरोप ठेवून काढणे, ह्या साऱ्या गोष्टी तेथे स्पष्ट शब्दांत आहेत. कारण खोटे असू शकते हे कायद्याने इतक्या वर्षांपूर्वी ओळखले असताना विम्याच्या खिडकीवर मात्र ते खरे धरून चालावे, हे कसे?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या चार श्रमसंहितांनी ह्या जखमेवर नवे मीठ चोळले आहे. औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात मालकाने भरलेले पंधरा दिवसांचे वेतन पुनर्कौशल्य निधीतून जमा व्हावे, अशी तरतूद आहे. वरून ती गोंडस दिसते. पण 'कपात' ह्या शब्दाची व्याख्या वाचावी: ठराविक मुदतीच्या नेमणुकीची मुदत संपून काम गेले तर ती कपात नव्हे! आता मुदतीची नेमणूक सर्रास देता येते. अकरा महिन्यांचा कागद, मग आणखी अकरा महिन्यांचा, आणि एके दिवशी कागदच नाही. अशा माणसाला कोणी काढलेले नसते आणि त्याने सोडलेलेही नसते. त्याची केवळ मुदत भरते, दुधाच्या पिशवीची भरते तशी. शिवाय तीनशेपेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यांना कपातीसाठी शासनाची पूर्वपरवानगी घेण्याची गरज उरलेली नाही. पूर्वी ही रेषा शंभरावर होती.

देशाची ऐपत नाही, असे उत्तर येते. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात बेकारीत सार्वजनिक साहाय्याचा उल्लेख आर्थिक ऐपतीच्या मर्यादेसह केला आहे, तो ह्यासाठी नेमका पुढे करतात. ठीक आहे, ऐपतच पाहू. २०१९ च्या सप्टेंबरात कंपन्यांवरील कर कमी केला, तेव्हा एका वर्षात १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचे उत्पन्न सोडावे लागेल असे अर्थमंत्र्यांनीच सांगितले. १ ऑगस्ट २०२५ पासून रोजगार वाढवण्याच्या नावाने ९९,४४६ कोटींची योजना सुरू झाली. तिच्यात नव्या कामगाराला पहिल्या नोकरीचे एकवार अनुदान आहे, पण मालकाला प्रत्येक जादा कामगारामागे महिना तीन हजारांपर्यंत, दोन वर्षे, आणि कारखानदारीत चार वर्षे मिळावयाचे आहेत. कामावर घेतल्याबद्दल मालकाला वर्षानुवर्षे पैसे, आणि कामावरून काढल्यावर कामगाराला जन्मात नव्वद दिवस. ऐपतीचा हा असा अर्थ आहे.

दुसरे उत्तर भविष्यनिर्वाह निधीचे. त्यातून पैसे काढता येतात, मग वेगळा भत्ता कशाला, असे म्हणणारे लोक शिकलेले असतात. तो निधी कामगाराच्या म्हातारपणाचा आहे. बेकारीत तो खाऊन टाकायला सांगणे म्हणजे एका संकटाचा खर्च दुसऱ्या संकटाच्या नावे लिहिणे. आणि बसून पैसे मिळाले तर माणूस आळशी होतो, ह्या तिसऱ्या उत्तराला तर उत्तरही देऊ नये. लाभांशावर जगणाऱ्यांविषयी ही काळजी कोणी कधी केल्याचे माझ्या वाचनात नाही.

महाराष्ट्राजवळ ह्याहून चांगली परंपरा आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे ह्यांच्या पुढाकाराने रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७ च्या कायद्याने ती हक्क झाली. काम मागितल्यावर मिळाले नाही तर बेकारभत्ता द्यावा, हे तत्त्व त्या कायद्यात होते. भत्ता नाममात्र होता आणि तो क्वचितच कोणाच्या हाती पडला, तरी तत्त्व लक्षात घ्यावे: पूर्वीचे काम का गेले, हे त्या शेतमजुराला कोणी विचारत नव्हते. तो बेकार आहे आणि काम मागतो आहे, एवढे पुरेसे होते. मात्र हा आधार ग्रामीण भागापुरता. २००५ चा केंद्राचा कायदाही ग्रामीण होता, आणि २०२५ च्या डिसेंबरात त्याच्या जागी संमत झालेला कायदाही ग्रामीणच आहे. हुडकेश्वर २०१३ साली नागपूर महानगरपालिकेत गेले. खेडे म्हणून जी हमी होती ती त्या दिवशी संपली आणि शहर म्हणून तिच्या जागी काहीही आले नाही. आला तो फक्त मालमत्ता कर.

प्रा. बी. पी. आडारकरांनी १९४४ साली कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला, त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा आला. आडारकरांपुढे विषयच आरोग्याचा होता, त्यामुळे बेकारी बाहेर राहिली. त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. पण नंतरच्या राज्यकर्त्यांनी ती पोकळी सत्तावन्न वर्षे तशीच ठेवली आणि मग जन्मातून एकदा मिळणाऱ्या मदतीचे ठिगळ लावले. बेकारीचा भत्ता हा वर्गणीतून आलेला कायदेशीर हक्क म्हणून सामाजिक सुरक्षा संहितेतच लिहिला गेला पाहिजे. तो प्रत्येक बेकारीत मिळाला पाहिजे, मुदत संपलेल्या आणि ठेकेदाराकडच्या कामगारालाही मिळाला पाहिजे, आणि गैरवर्तनाचा आरोप असेल तर तो सिद्ध होईपर्यंत थांबता कामा नये. ह्यासाठी संसदेत आणि रस्त्यावर झगडावे लागेल.

एक गोष्ट मात्र कायदा न बदलता, साध्या परिपत्रकाने होऊ शकते. कारणाच्या रकान्यात मालकाने जे लिहिले ते विमा महामंडळाने त्या कामगाराला त्याच महिन्यात मराठीत कळवावे, हरकत घेण्यास तीस दिवस द्यावेत, आणि हरकत आली की कारण सिद्ध करण्याचा भार मालकावर टाकावा. तोवर भत्ता चालू राहावा. आजच्या महाराष्ट्रात कामगार विमा प्रथम लागू झाला तो १९५४ साली, मुंबईच्याही आधी नागपुरात. तेव्हा हे शहर मध्यप्रदेशाची राजधानी होते आणि रुईकरांनी संघटित केलेला गिरणी कामगार येथे उभा होता. त्या गिरण्यांचे भोंगे थांबून बरीच वर्षे झाली. पण बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर येथील संघटनांनी ही एक मागणी एकत्र येऊन नागपूरच्या विमा कचेरीसमोर मांडायला कोणाची हरकत असावी असे दिसत नाही.