सुटका कोणाची, कैद कोणाला?

कुंटणखाना चालविणाऱ्या इसमाचा अपराध पहिलाच असेल, तर त्याला कमीत कमी १ आणि जास्तीत जास्त ३ वर्षांची सक्तमजुरी द्यावी, असे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा सांगतो. त्याच कुंटणखान्यातून पोलिसांनी ‘सोडविलेल्या’ स्त्रीला त्याच कायद्याच्या १७ व्या कलमान्वये संरक्षणगृहात किती काळ ठेवण्याचा हुकूम दंडाधिकाऱ्यास करता येतो? तोही कमीत कमी १ आणि जास्तीत जास्त ३ वर्षे! दोघांत भेद आहे, तो एवढाच की, कुंटणखानेवाल्याची मुदत गुन्हा शाबीत झाल्यावर सुरू होते, त्याला तोवर जामीन मिळू शकतो आणि वकील देण्याइतका पैसा त्याच्या गाठी असतो. त्या स्त्रीवर कोणताच आरोप नसतो. आणि आरोप नसल्यामुळे तो खोडून काढण्याची सोयही तिला नसते. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा न्याय याहून वेगळा तो काय असतो?

हा प्रश्न मुंबईला नवा नाही. गिरगावातून पायी निघालेला मनुष्य अर्ध्या तासात कामाठीपुऱ्यात पोहोचतो. त्या वस्तीलगतच्या डंकन रोडवर, म्हणजे आजच्या मौलाना आझाद मार्गावर, १९१७ साली एका कुंटणखान्यात एका स्त्रीचा अनन्वित छळ होऊन तीत तिचा अंत झाला. तिने तेथून पळून जाण्याचा प्रयत्न केला, हाच तिचा अपराध! त्या खटल्याने सुशिक्षितांची झोप उडाली व कायद्याची मागणी जोर धरू लागली. १९२१ साली राष्ट्रसंघाच्या विद्यमाने स्त्रिया व मुले यांच्या व्यापाराविरुद्ध जिनिव्हा येथे करार झाला आणि १९२३ साली मुंबई इलाख्यात वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा आला. पुढे स्वतंत्र भारताच्या घटनेने २३ व्या कलमात माणसांचा व्यापार निषिद्ध ठरविला. १९५६ साली अखिल भारतीय कायदा झाला व १९८६ साली त्यास आजचे नाव मिळाले. २०१३ साली दंडविधानात मानवी व्यापाराचे स्वतंत्र कलम घातले गेले आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमाने या अपराधास कमीत कमी ७ वर्षांची सक्तमजुरी ठेवली आहे. तात्पर्य, कायद्यांची वाण आपणांस कधीच पडली नाही. वाण आहे ती ते कायदे योग्य माणसावर चालविण्याची.

१९५६ च्या कायद्याचे ८ वे कलमच पाहा. गिऱ्हाइकास खुणावल्याबद्दल स्त्रीला पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तोच अपराध पुरुषाने केला, तर त्याला अधिकात अधिक तीन महिने! रस्त्यावर उभी असलेली बाई शिपायाच्या सहज हाती लागते. तिला गावाहून आणणारा, तिच्या नावावर कर्ज चढविणारा आणि भाडे खाणारा हे तिघे मात्र रस्त्यावर उभे नसतात. त्यांना शोधावे लागते, त्यांच्याविरुद्ध पुरावा जमवावा लागतो; आणि जे काम कष्टाचे ते मागे पडते.

१९९६ च्या फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन या प्रकरणात लक्ष घातले आणि त्याच्या आज्ञेवरून पोलिसांनी कामाठीपुऱ्यात मोठे छापे घातले. चारशेहून अधिक मुली व स्त्रिया बाहेर काढण्यात आल्या. त्यांत नेपाळच्या पुष्कळ होत्या. न्यायालयाचा हेतू निर्मळ होता, याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. पण सोडविलेल्यांनी जायचे कोठे, याचा विचार छाप्यापूर्वी झाला नव्हता. त्या महिनोन् महिने सरकारी गृहांत अडकून पडल्या, आणि सव्वाशेच्या आसपास नेपाळी मुली मायदेशी पोहोचल्या त्या स्वयंसेवी संस्थांच्या खटपटीने, जुलै महिन्यात.

अशा अवस्थेत खटल्याचे काय होते, हे सांगावयास ज्योतिषी नको. फिर्यादी पक्षाचा सगळा आधार त्या मुलीची साक्ष. ती गृहात कुढत असते, किंवा बंगालात, कर्नाटकात वा नेपाळात परत गेलेली असते. वर्षे लोटल्यावर पुकारा होतो तेव्हा समन्स तिच्यापर्यंत पोहोचत नाही. पोहोचलेच, तर गावात बोभाटा होईल या भीतीने घरचे तिला पाठवीत नाहीत. आणि कित्येकदा समन्सापूर्वीच दलालाचा माणूस तिच्या दारात पोहोचलेला असतो. साक्ष नाही म्हणून आरोपी सुटतो, आणि सुटलेला आरोपी दुसरी मुलगी आणतो. ज्या व्यवस्थेने साक्षीदारालाच कैदी केले, तिच्या बाजूने साक्षीदाराने का बोलावे?

उपाय अज्ञात नाहीत. पुष्कळसे तर याच शहरातील न्यायालयीन लढ्यांतून निघाले आहेत. कामाठीपुऱ्यात काम करणाऱ्या ‘प्रेरणा’ संस्थेच्या अर्जावर २००२ साली मुंबई उच्च न्यायालयाने बजावले की, १८ वर्षांखालील मुलीचे प्रकरण बालकल्याण समितीपुढेच गेले पाहिजे, आणि दलाल वा कुंटणखानेवाला यांचा वकील त्याच प्रकरणात सोडविलेल्या मुलींचा वकील होऊ शकत नाही. २०२० च्या सप्टेंबरात त्याच न्यायालयाने, २०१९ साली मालाडमध्ये ताब्यात घेतलेल्या तीन सज्ञान स्त्रियांना संरक्षणगृहात डांबण्याचा हुकूम रद्द केला व सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध ठेवता येणार नाही, असा निर्वाळा दिला. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही अशा गृहांची पाहणी करून, मनाविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांच्या मुक्ततेचा विचार मुदतीत करण्यास राज्यांना सांगितले. परंतु कायद्याच्या पुस्तकात १७ वे कलम अद्याप जसेच्या तसे आहे. तेव्हा प्रत्येक स्त्रीने आपल्या सुटकेसाठी उच्च न्यायालयापर्यंत चढावे, अशी का आपली अपेक्षा आहे?

यावर असे म्हटले जाते की, दार उघडे ठेवले तर ती पुन्हा दलालाच्याच हाती पडेल. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत सरकारने पालक झालेच पाहिजे. परंतु सज्ञान स्त्री परत जाते, ती बहुधा कर्ज, उपासमार आणि घरची बंद दारे यांच्यामुळे. कुलूप घातल्याने यांपैकी एकही गोष्ट नाहीशी होत नाही. तिला निवारा, औषधपाणी, हाताला काम आणि आपला स्वतःचा वकील द्या. ज्या घरातून बाहेर पडता येते, त्याच घरात माणूस विश्वासाने राहतो.

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. सज्ञान स्त्रीस सक्तीने डांबण्याची तरतूद १७ व्या कलमातून आणि स्त्रीला अधिक शिक्षा सांगणारे ८ वे कलम कायद्यातून संसदेने काढून टाकावे. सोडविलेल्या मुलीचा जबाब, तिची मनःस्थिती सावरताच, विलंब न लावता दंडाधिकाऱ्यापुढे नोंदवावा. दूरदृश्य यंत्रणेवरून साक्ष घेण्यास सर्वोच्च न्यायालयाने २००३ सालीच, तेही मुंबईतील एका खटल्यात, मान्यता दिली आहे. तर ती साक्ष तिच्या जिल्ह्याच्या न्यायालयातून घ्यावी. महाराष्ट्राने २०१७ साली केलेला साक्षीदार संरक्षणाचा कायदा या मुलींसाठी प्रथम वापरावा. आणि प्रत्येक तपासात पैसा कोठून आला व कोठे गेला, हे पोलिसांनी लिहून काढावे. कारण हा व्यापार आहे, आणि व्यापारी सापडतो तो हिशेबात.

शेवटी दोन शब्द आमच्या गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील वाचकांस. हा धंदा आता जुन्या गल्ल्यांपुरता राहिलेला नाही. लॉजमध्ये आणि भाड्याच्या फ्लॅटमध्ये तो शिरला आहे. जाणूनबुजून अशा कामासाठी जागा देणारा मालकही कायद्याने अपराधी आहे, हे घरमालकांनी ध्यानात ठेवावे. शिवाय, सोडविलेल्या स्त्रीविषयी निर्णय करताना दंडाधिकाऱ्यास पाच प्रतिष्ठित नागरिकांचे मंडळ मदतीस बोलाविता येते व त्यांत शक्य तेथे तीन स्त्रिया असाव्यात, असे हाच कायदा म्हणतो. आमच्या शिक्षिका, डॉक्टर, वकील भगिनींपैकी किती जणींनी या कामासाठी आपले नाव पुढे केले आहे? ज्यांना ही लाज वाटण्याजोगी गोष्ट वाटते, त्यांनी ती वाटल्याचे समाधान मानून घरी बसू नये. ज्या न्यायासनापुढे ती मुलगी एकटी उभी राहते, तेथे तिच्या बाजूस जाऊन बसावे.