टाकीचा रंग खरवडण्याआधी

जुनी मोटरसायकल घेतली की पहिला खर्च रंगावर करायचा, ही सवय आता मोडायला हवी. टाकी उतरवायची, घासून उघडी करायची, पुट्टी भरायची, फवारा मारायचा आणि नव्यासारखी दिसू लागलेली गाडी घेऊन गावी जायचं. काम तीन-चार दिवसांत उरकतं. त्या तीन-चार दिवसांत बहुतेक वेळा गाडीवरचा चांगला रंग जातो आणि त्याच्या जागी कमी प्रतीचा रंग येतो.

सचिनमध्ये हे नेमकं कळतं. सुरतहून मुंबईकडे जाताना उधना, भेस्तान मागे पडलं की हे स्टेशन लागतं. मराठी माणसाशी या गावाचा संबंध क्रिकेटच्या फार आधीचा. जंजिऱ्याच्या गादीवरचा हक्क सोडलेल्या सिद्दी घराण्याच्या शाखेला पेशव्यांशी झालेल्या करारातून 1791 मध्ये हा मुलूख मिळाला आणि सचिन संस्थान उभं राहिलं. आज ते औद्योगिक वसाहतीचं गाव आहे. कापड रंगवणाऱ्या, छापणाऱ्या गिरण्या, रसायनांचे कारखाने आणि तिथे पाळीवर जाणारी माणसं. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा ते सचिन या पट्ट्यात नंदुरबार, धुळे, जळगावकडून आलेली हजारो कुटुंबं आहेत. त्यांच्या घरची पहिली गाडी बहुधा दुसऱ्याने वापरलेली असते. ती दिवाळीला किंवा आखाजीला गावी नेताना चांगली दिसावी, ही इच्छा अगदी रास्त आहे. प्रश्न फक्त ती इच्छा कशी पुरी करायची एवढाच.

आधी गाडी इतकी जुनाट का दिसते ते पाहू. गिरण्यांचे बॉयलर कोळशावर चालतात आणि त्यांची बारीक राख उघड्यावर लावलेल्या गाड्यांवर रोज बसते. सुरतमध्ये हा प्रश्न एवढा मोठा की धुरातल्या कणांच्या उत्सर्जनाच्या परवान्यांची खरेदी-विक्री करणारी जगातली पहिली बाजारव्यवस्था 2019 मध्ये इथेच सुरू झाली, आणि तिच्यात शेकडो कारखाने आले. हवेतली राख कमी करण्याचं काम सरकारचं आणि गिरण्यांचं. टाकीवर बसलेली राख कोरड्या फडक्याने पुसण्याची चूक मात्र गाडीवाला रोज सकाळी स्वतः करतो. ती राख खरखरीत असते. फडक्याखाली ती पॉलिश पेपरसारखी फिरते आणि वर्षभरात टाकीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघांचं धुकं तयार होतं. त्यात खाडीकडचा दमट वारा आणि आठ महिन्यांचं ऊन. मालकाला वाटतं, रंग गेला. रंग गेलेला नसतो. त्याच्यावरचा पारदर्शक लॅकरचा थर ओरखडलेला असतो.

कारखान्यातला रंग रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये पुन्हा मिळत नाही, ही गोष्ट ग्राहकाला कोणी सांगत नाही. चाकण असो की धारुहेडा, तिथे धातूचा भाग आधी रसायनांनी धुतला जातो, त्यावर फॉस्फेटचा थर चढतो. अनेक भागांचं अस्तर बुडवून, विद्युतप्रवाहाच्या साह्याने बसवलं जातं, त्यामुळे ते सांध्यांच्या फटींतही पोहोचतं. मग रंग, मग लॅकर, आणि प्रत्येक टप्प्यावर भट्टी. धातूवरचे थर शंभरहून अधिक अंश सेल्सियसला भाजले जातात. इतकं करून लॅकरचा थर उरतो साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही बारीक. हाच थर ऊन, पाऊस आणि सांडलेलं पेट्रोल झेलतो. पॉलिश पेपर लावून तो एका दुपारी उतरवता येतो. परत बसवायला भट्टी लागते, आणि ती गल्लीतल्या कारागिराकडे नसते.

म्हणून पहिली पायरी पाण्याची. भरपूर पाणी, शॅम्पू, दोन बादल्या, मऊ कापड. डांबराचे ठिपके आणि तेलकट मळ वेगळा काढायचा. मग साइड पॅनलच्या एका कोपऱ्यात, दिसणार नाही अशा जागी, पांढऱ्या कापडावर थोडं पॉलिश घेऊन घासून पाहायचं. कापडावर गाडीचा रंग उतरला तर वर लॅकर नाही, थेट रंगच आहे. फिका पडलेला वरचा पापुद्रा काळजीपूर्वक काढला की खाली ताजा रंग मिळतो. कापड फक्त मळलं तर लॅकर शाबूत आहे. अशा वेळी बारीक रबिंग कंपाउंड, मग पॉलिश, मग वॅक्स. हे हातानेच करावं. बफिंग मशीन टाकीच्या धारेवर आणि मडगार्डच्या कडेवर क्षणात लॅकर जाळून टाकतं, कारण तिथे थर मुळातच पातळ असतो. 1994 मध्ये आलेल्या आणि कामगारवस्त्यांमध्ये आजही सर्वाधिक दिसणाऱ्या स्प्लेंडरच्या काळ्या टाक्या एवढ्या मेहनतीने किती उजळतात, हे एकदा करून पाहिल्याशिवाय पटत नाही. लाल रंगाचं तसं नाही. लाल रंगद्रव्यं उन्हात लवकर विटतात, आणि विटलेला लाल पॉलिशने पूर्ण परत येत नाही.

स्टिकरचंही भान ठेवायला हवं. पुष्कळ गाड्यांवर टाकीवरचे पट्टे लॅकरच्या खाली असतात. टाकी घासली की ते गेले. नंतर बाजारातले पट्टे वरून चिकटवावे लागतात आणि ते कडेने सुटू लागतात.

काही गाड्यांना नव्या रंगाशिवाय गत्यंतर नसतं, हेही खरं. टाकीच्या खालच्या सांध्याजवळ रंगाला फोड आले असतील तर गंज बहुधा आतून आलेला असतो. अशा टाकीला वरून कितीही सुंदर रंग दिला तरी पुढच्या पावसाळ्यात फोड परत येणार. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉल पाणी धरून ठेवतं. महिनोन्महिने अर्धी रिकामी उभी राहिलेली टाकी त्यामुळे आतून लवकर खराब होते. झाकण उघडून, बॅटरीच्या उजेडात आत पाहणं ही रंगकामाची खरी सुरुवात आहे. आत गंज असेल तर आधी त्याचा बंदोबस्त. आणि टाकीला डाग द्यायचा किंवा वेल्डिंग करायचं असेल तर ते त्याच कामातल्या जाणकाराकडेच, कारण रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत पेट्रोलची वाफ उरलेली असते आणि ती स्फोट घडवते.

मग रंग कोणता, हा प्रश्न येतो, आणि इथे गोष्ट गाडीपुरती राहत नाही.

स्वस्त काम नायट्रोसेल्युलोजच्या रंगात होतं. अमेरिकेत 1920 च्या दशकात ड्यूको नावाने हा रंग मोटारींवर आला तेव्हा त्याने क्रांती केली, कारण आधी आठवडे लागणारं वाळणं काही तासांवर आलं. आपल्याकडे अजूनही अशा कामाला ड्यूको म्हणतात. हा रंग थिनरमध्ये विरघळतो आणि वाळल्यावरही पेट्रोलपुढे टिकत नाही. पंपावर टाकी भरताना चार थेंब ओघळले की झाकणाखालचा रंग मऊ पडतो. पावसाळ्यात फवारला तर थिनर झपाट्याने उडून पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि रंग पांढुरका पडतो.

टिकाऊ पर्याय म्हणजे पीयू, हार्डनर मिसळून वापरायचा दोन भागांचा रंग. पेट्रोल त्याला सहसा बाधत नाही, चमक वर्षानुवर्षं राहते. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारा मारताना त्याचे सूक्ष्म कण श्वासातून आत जातात आणि कायमचा दमा जडू शकतो. एकदा शरीराने त्याची ॲलर्जी धरली की नंतर अगदी थोडं प्रमाणही पुरतं. त्याला ओळखू येण्याजोगा वास नसतो, म्हणून आपण ते हुंगतोय हे कारागिराला कळत नाही. ब्रिटनमध्ये अशा फवाऱ्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा वापरायला सांगितलं जातं. आपल्याकडे तोंडाला रुमाल असतो. रुमाल या कणांना अडवत नाही.

विषारी हवा काय करते हे सचिनला वेगळं सांगावं लागत नाही. 6 जानेवारी 2022 च्या पहाटे औद्योगिक वसाहतीत टँकरमधलं रसायन बेकायदा ओतलं जात असताना वायू पसरला आणि 6 कामगारांचा जीव गेला. ती बातमी देशभर झाली. बंद खोलीत फवारा मारणाऱ्या पोराचा दमा कुठल्याच बातमीत येत नाही. त्याचं आजारपण त्याच्या घरच्यांपुरतं राहतं.

जुना रंग खरवडतानाही धोका आहेच. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा आहे. 2016 चे ते नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. वाहनांचे आणि उद्योगांचे रंग त्या नियमांच्या बाहेर राहिले. जुन्या पिवळ्या, केशरी, लाल रंगांत शिशाची रंगद्रव्यं सर्रास वापरली जात, त्यामुळे जुना थर कोरडा घासून त्याची धूळ घरात, अंगणात, मुलांच्या आसपास उडवणं चुकीचं आहे. तो वॉटर पेपरने पाणी घालूनच घासावा. पुट्टीचं मात्र उलटं. पॉलिएस्टर पुट्टी पाणी शोषते आणि पुढे रंगाखाली फुगते, म्हणून ती कोरडी घासायची, चांगला मास्क लावून. उघडं पडलेलं लोखंड इथल्या दमट हवेत काही तासांत तांबूस होऊ लागतं, तेव्हा अस्तर त्याच दिवशी मारलं पाहिजे.

या सगळ्याचा अर्थ असा की जेवढा भाग खराब तेवढाच रंगवावा. पडझडीत ओरखडलेलं प्लॅस्टिकचं साइड पॅनल रंगवण्यापेक्षा कंपनीच्या रंगातलं नवं मिळतं का ते स्पेअर पार्टच्या दुकानात आधी विचारावं. चेसिसला पावडर कोटिंग करायचं ठरवलं तर हेडजवळ ठोकलेला चेसिस नंबर झाकून घ्यायला बजावून सांगावं. कोटिंगआधीच्या वाळूच्या माऱ्यात तो पुसट झाला, तर निर्दोष मालकावरही चोरीच्या गाडीचा संशय येतो.

रंग बदलण्याचा मोह वेगळाच. गाडीचा रंग आरसी बुकात नोंदलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका प्रकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ लावताना उत्पादकाने ठरवलेली मूळ रचना बदलायला मनाई केली. रंग बदलता येतो, पण आरटीओकडे नोंद करून. खानदेशातल्या माणसाला हे जास्त लागू पडतं. जीजे 05 ची गाडी गावी नेऊन 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर एनओसी घेऊन तिची एमएच 39, 18 किंवा 19 मध्ये नव्याने नोंदणी करावी लागते. त्या वेळी पुस्तकात काळी आणि समोर निळी गाडी असेल तर फेऱ्या सुरू होतात. पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या गाडीचं नूतनीकरणही तपासणीनंतरच होतं, आणि त्याचं शुल्क 1 एप्रिल 2022 ला 300 वरून 1000 रुपये झालं. तिथे नोंद नसलेला रंग अडचणीचाच ठरतो.

विकत घेणाऱ्यासाठी तर ताजा रंग हा सावध होण्याचा इशारा आहे. अपघातात चेपलेली टाकी पुट्टीने सरळ दिसते. कापडात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक टाकीवर फिरवलं की जिथे पुट्टी जाड आहे तिथे ते नीट धरत नाही. ओरखडे असलेली, मूळ रंगाची गाडी आपला इतिहास उघड सांगते, आणि जाणत्या गिऱ्हाइकाने तिला जास्त किंमत द्यायला हवी. आरएक्स 100 किंवा येझ्दी जपणारे हौशी लोक मूळ रंगाला मान देतात तो याचसाठी.

आणि पूर्ण रंगकाम करायचंच ठरलं, तर ते दिवाळीच्या आदल्या आठवड्यात नको. पाऊस ओसरल्यावर, कोरड्या हवेचे दिवस बघून, कारागिराला घाई न लावता करावं. कोणता रंग वापरणार हे विचारावं, आणि पीयू असेल तर फवारताना नाकातोंडाला काय लावणार हेही विचारावं. हवा पुरवणाऱ्या मुखवट्याचा खर्च एका गॅरेजला जड जातो. पण सचिनसारख्या वसाहतीत चार-पाच गॅरेजवाल्यांनी मिळून धूर बाहेर ओढणारी एक फवारणीची खोली आणि दोन मुखवटे घेतले, तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खर्च पेलण्याजोगा होतो. आयटीआयमध्ये ऑटो बॉडी पेंटिंगचा अभ्यासक्रम आहे, तिथे शिकलेल्या मुलांना अशी खोली मिळाली तर ती टिकून काम करतील. गिऱ्हाइकाने यासाठी दोन-चारशे रुपये जास्त मोजावेत, आणि गॅरेजवाल्याने ते बिलात वेगळे लिहून दाखवावेत.